संदर्भाची ओळ

जर्सी सिटीतील देशी दुकानांच्या रस्त्यावर, एका किराणा दुकानाच्या मागील भागात, तांदळाच्या पोत्यांची थप्पी आणि लोणच्यांचे कपाट यांच्या मधोमध माझे टेबल आहे. त्यावर पाटी आहे : ‘सर्व प्रकारचे अर्ज, विनंतीपत्रे व खुलासे लिहून मिळतील. लेखक वकील नाही.’ शेवटचे वाक्य मी कायद्याच्या धाकाने लिहिले, हे मान्य करतो. परंतु त्यात थोडा अभिमानही आहे. वकील स्वतःच्या भाषेत माणसाची बाजू मांडतो. अर्जलेखकाला त्या माणसाचेच म्हणणे मांडावे लागते, आणि तेही असे की समोरच्या अधिकाऱ्याने खुर्चीत सावरून बसावे.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘व्यवसायातील गमतीजमती लिहा’ असे सुचवले आहे. गमती पुष्कळ आहेत. एका आजोबांनी माझ्याकडून चक्क स्वतःच्या नातवाच्या नावे अर्ज लिहून घेतला : ‘विषय – रविवारी घरात मराठी बोलण्याबाबत.’ नातवाने त्यावर इंग्रजीत शेरा मारून पाठवला, ‘सायंकाळी सहापर्यंत मंजूर.’ आजोबांनी तो कागद फ्रिजवर लावला. एका बाईंच्या फोडणीमुळे इमारतीची आगीची घंटा वारंवार वाजे. त्यांच्या खुलाशात मोहरीचे तडतडणे व्यवस्थापनाला समजावून सांगताना मला दोन पाने लागली, आणि व्यवस्थापनाने बाईंऐवजी घंटेची जागा बदलली. असे लेखन मी करतो आणि चांगले करतो, हे सांगताना मला संकोच नाही. परंतु या वर्षी मला जे लिहायचे आहे ते गमतीचे नाही.

माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही अपुरे. पुढील सर्व शिक्षण बार्शीला कचेरीबाहेर, मामांच्या टंकयंत्राशेजारी बसून झाले. मामा अर्जलेखक होते. बहिणीने मला अमेरिकेत आणले तेव्हा माझ्याजवळ पदवी नव्हती, पण अर्जाचा सांगाडा तोंडपाठ होता, आणि तो मी इथे इंग्रजीतही बसवला. प्रथम ‘प्रति’. मग ‘विषय’. त्याखाली ‘संदर्भ’. मग मजकूर, विनंती, आणि सहीच्या वर एक ओळ : ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.’ ही शेवटची ओळ माझ्याकडे नुसती शोभेची नसते. कचेरीकडे जाणारा अर्ज इंग्रजीत असला तरी मी त्याची मराठी प्रत तयार करतो, ती अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवतो आणि नंतरच सही घेतो. मुलांकडे राहायला आलेले आईवडील इथे दिवसभर न समजणाऱ्या कागदांवर सह्या करत असतात. निदान माझ्या टेबलावर तरी तसे होऊ नये, एवढाच हेतू.

‘संदर्भ’ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व अनर्थ त्या एका ओळीतून झाला. ज्या कागदाच्या आधाराने आपण लिहितो, त्या कागदाचा उल्लेख म्हणजे संदर्भ : अमुक परिपत्रक, तमुक दिवसाचे पत्र. मामांची सक्त ताकीद होती की ही ओळ कोरी सोडायची नाही. आधाराला कागद नसेल तर ‘आपल्याशी झालेली चर्चा’ असे लिहायचे. चर्चा झाली की नाही, हे अधिकाऱ्याला आठवत नाही आणि विचारण्याची त्याला लाज वाटते. तीस वर्षे मी ती ओळ हाताच्या सवयीने भरत आलो.

आमच्या भागात एक छोटे रेडिओ केंद्र होते. एका चर्चच्या तळघरात दोन खोल्या, छतावर एक काठीएवढी अँटेना, आणि आवाज पोहोचायचा तो जेमतेम आमच्या वस्तीपुरता. आठवडाभर तिथे निरनिराळ्या भाषांचे लोक येऊन बोलत. रविवारी सकाळचा एक तास मराठी, आणि तो चालवीत हेमाताई मेश्राम. त्या नागपूरच्या. पंचवीस वर्षे इथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासून निवृत्त झालेल्या. त्यामुळे कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय तोंडातून काढायची नाही, ही त्यांना लागलेली खोड. चर्चकडे जागेसाठी केलेला त्यांचा अर्ज माझाच. तेव्हापासून त्यांनी मला कार्यक्रमात पाच मिनिटे दिली होती. त्यात मी एखादा नमुना अर्ज वाचत असे. माझा आवाज भारदस्त आहे, असे श्रोत्यांचे मत होते.

मात्र त्या तासाचा खरा जीव ‘आधी विचारा’ या भागात होता. आठवड्यात फोनवर फिरलेला एखादा निरोप ताई वाचत आणि त्याला तीन प्रश्न विचारत. कोणी सांगितले? त्याला कोणी सांगितले? आणि त्याने स्वतः पाहिले का? कार्यक्रम संपला की त्याच तळघरात सात-आठ ज्येष्ठ मंडळी चष्मे पुसत, फोन हातात घेऊन बसत आणि ताई त्यांना तो निरोप कुठून निघाला हे मागे मागे कसे शोधायचे ते शिकवीत.

“ताई, पण हे माझ्या साडूनं पाठवलंय,” एखादे काका म्हणत.

“साडू चांगलेच असतील हो काका. पण साडूंना कुणी पाठवलं?”

“त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपनं.”

“बघा, म्हणजे आता आपल्याला पूर्ण पार्क धुंडाळावं लागणार!”

मी कोपऱ्यात खुर्ची टाकून हे ऐकत असे. मनात म्हणत असे की हे शिकवणे अशिक्षितांसाठी ठीक आहे, मला त्याची आवश्यकता नाही. मी कागदाचा माणूस.

गेल्या वर्षीच्या वसंतात तो निरोप आला. दिसायला अगदी सरकारी. वर शिक्का, खाली लाल अक्षरे. मोफत दवाखान्यांच्या वहीत ज्यांची नावे आहेत त्यांची यादी सरकारकडे जाणार, त्यांचे ग्रीनकार्ड रद्द होणार, आणि ज्या मुलाने त्यांना इथे आणले त्याच्या नोकरीवर गदा येणार. अमुक तारखेपर्यंत वहीतून नाव काढून घ्या, आणि हा निरोप आपल्या सर्व माणसांना पाठवा.

आमच्या वस्तीत एक मोफत दवाखाना होता. तो सरकारी नव्हताच, एका धर्मादाय संस्थेचा होता. ज्या आईवडिलांना विमा नव्हता ते तिथे जात.

दोन दिवसांनी वानखेडे काका माझ्या टेबलापाशी आले. एस.टी.च्या अकोला आगारातून यांत्रिक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, मोठ्या हाताचे गृहस्थ. त्यांचा मुलगा नितीन मॅनहॅटनमध्ये एका बँकेच्या संगणक विभागात. काकांना जुना मधुमेह. उजव्या पायाच्या तळव्याला जखम होती आणि दर मंगळवारी त्या दवाखान्यात तिचे ड्रेसिंग होई.

“सोनटक्के साहेब, माझं नाव काढून घ्याचं आहे तिथून,” ते म्हणाले. “अर्ज करून द्या.”

“पायाचं काय, काका?”

“पायाचं पाहता येते. पोराच्या नोकरीचं मग पाहता येत नाही न. त्याले सांगू नका. त्याले मी सांगितलं, जखम भरली म्हणून.”

मी त्यांना थांबवायला हवे होते. किमान दवाखान्यात एक फोन करायला हवा होता. दवाखाना माझ्या टेबलापासून चार गल्ल्यांवर आहे. परंतु खरे सांगायचे तर माझे लक्ष विषयाच्या ओळीकडे लागले होते. ‘विषय – रुग्णनोंदवहीतून नाव कमी करण्याबाबत.’ ओळ चांगली जमली. मग संदर्भ. मी क्षणभरही थांबलो नाही. लिहिले, ‘संदर्भ – उपरोक्त विषयासंबंधीचे शासकीय परिपत्रक.’

मराठी प्रत नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवली. त्या ओळीवर काकांनी हात वर केला.

“थांबा. परिपत्रक निघालं काय? म्या तं निस्ता फोनवरचा मेसेज पाह्यला.”

“असं लिहावंच लागतं, काका.”

“म्हणजे निघालं असन न?”

“ते नमुन्यातच असतं.”

काकांनी माझ्याकडे पाहिले. आगारात वरिष्ठाने सही केलेल्या कागदाकडे माणूस जसे पाहतो, तसे. “तुम्ही लिहून राह्यले म्हणजे निघालंच असन,” ते म्हणाले आणि ‘वाचून दाखविला, समजला, मान्य आहे’च्या खाली त्यांनी सही केली.

त्या पंधरवड्यात मी असे एकवीस अर्ज लिहिले. एकाची भाषा दुसऱ्याहून उजळ होत गेली. लोक मराठी प्रतीचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात, हे मला माहीत होते, आणि त्याचा मला आनंदच होता. आपला मजकूर दूरवर जातो आहे, असे वाटे.

तो किती दूर गेला, हे मला टेक्सासमधील फ्रिस्कोहून आलेल्या एका फोनने कळले. एक मावशी बोलत होत्या. त्यांनाही तसाच अर्ज हवा होता.

“आमच्या ह्यांचा विश्वास बसत नव्हता हो,” त्या म्हणाल्या. “म्हणत होते, फेक आहे. पण आता प्रूफ मिळालं. व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या एका बाईंनी सर्क्युलरचाच फोटो फॉरवर्ड केलाय. तुम्हाला पाठवते, त्यावरून लिहा.”

फोटो आला. मी चष्मा लावून तो मोठा केला. तो वानखेडे काकांचा अर्ज होता. वरचे नाव आणि खालची सही कापलेली. मधे माझी वाक्ये, माझे ‘उपरोक्त’, माझे ‘सबब’, आणि माझ्या संदर्भाच्या ओळीखाली कोणीतरी लाल रेघ ओढलेली. फोनवरच्या निरोपाला आधार नव्हता म्हणून लोक कचरत होते. तो आधार मी पुरवला होता. माझा अर्ज त्या निरोपाच्या आधारे लिहिलेला, आणि आता तो निरोप माझ्या अर्जाच्या आधारे उभा.

मावशींना मी म्हणालो, “सध्या काम फार आहे.” आणि फोन ठेवला.

हेमाताईंना तो फोटो माझ्या आधीच मिळाला होता. त्या थेट दुकानात आल्या आणि पोत्याला टेकून उभ्या राहिल्या.

“भाऊ, मी क्लिनिकला जाऊन आली. तिथल्या बाईंशी बोलली. कुठली यादी नाही, कुणी मागितली नाही, आणि मागितली तरी ते देणार नाहीत. इकडे अर्ध्या अपॉइंटमेंट्स कॅन्सल झाल्या त्यांच्या. हा कागद तुमचा आहे न?”

“शैली माझ्यासारखी दिसते,” मी म्हणालो.

“शैली राहू द्या, बाप्पा. परिपत्रक तुम्ही पाहिलं?”

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

“रविवारी या आणि माइकवर एवढंच म्हणा : परिपत्रक मी पाहिलं नाही, ती ओळ मी सवयीनं लिहिली. माझं कुणी ऐकेल, न ऐकेल. लोकांच्या हातात तुमचा कागद आहे, भाऊ. तो तुम्हीच परत घेऊ शकता.”

त्या रविवारी मी गेलो नाही. त्याऐवजी एक खुलासा लिहून पाठवला. तो मला आजही पाठ आहे, आणि आठवला की मान खाली जाते. ‘काही अर्जांमधील संदर्भाबाबत संभ्रम निर्माण झाल्याचे निदर्शनास आले असून, याबाबत योग्य ती चौकशी करण्यात येत आहे.’ कोणी निर्माण केला, कोण करत आहे, कोणाच्या निदर्शनास, काही नाही. अशी वाक्ये लिहायला मी मामांकडून वर्षानुवर्षे शिकलो. माणूस त्यातून पूर्ण निघून जातो आणि वाक्य तसेच उभे राहते. ताईंनी ते जसेच्या तसे वाचले आणि पुढे स्वतःच्या शब्दांत स्पष्ट सांगितले की निरोप खोटा आहे, दवाखान्यात जा.

सोमवारी वानखेडे काकांचा फोन आला.

“काल रेडिओवर ताई म्हणत होती, खोटं आहे म्हणून. तुमच्या अर्जात तं परिपत्रक आहे. आता तुम्ही सांगा. जाऊ काय मंगळवारी?”

या एका प्रश्नाचे उत्तर मी आता मनात पुन्हा पुन्हा देत असतो. दुकान उघडताना देतो, भाकरी मोडताना देतो. ‘जा, काका. परिपत्रक नाही. मी चुकलो.’ एवढेच. त्या सोमवारी मी म्हणालो, “चौकशी सुरू आहे, काका. थोडं थांबा.”

“बरं,” काका म्हणाले. “थांबतो मग.”

ते थांबले. सहा आठवडे पायमोजा घालून थांबले. एका सकाळी त्यांना उठता येईना आणि अंगात ताप फणफणला, तेव्हा नितीनने पायमोजा काढला. रुग्णालयात तीन दिवस प्रयत्न झाले. चौथ्या दिवशी पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

नितीन दुकानात आला तो थेट ऑफिसमधून, गळ्यात ओळखपत्र तसेच. मला वाटले, ओरडेल. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “काका, बाबांनी मला सांगितलंच नाही. मला वाचवायला निघाले होते म्हणे. तुम्ही तरी एक कॉल करायचात ना.” मग माझ्या टेबलावरील पाटी त्याने सावकाश वाचली आणि उठून गेला.

पुढच्या रविवारी मी तळघरात गेलो. सोबत कागद नेला नव्हता. ताईंनी माइक माझ्यासमोर ओढला आणि नेहमीचेच प्रश्न विचारले. आवाजात ना राग, ना दया.

“हे परिपत्रक निघालं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. फोनवर मेसेज आला होता.”

“तो कोणी पाठवला?”

“मी विचारलं नाही.”

“परिपत्रक तुम्ही स्वतः पाहिलं?”

“नाही. संदर्भाची ओळ मी भरली. ती खोटी आहे. ज्यांच्याकडे माझा कागद आहे त्यांनी तो फाडावा आणि दवाखान्यात जावं.”

इतके अनलंकृत वाक्य मी आयुष्यात प्रथमच बोललो असेन. नंतरच्या आठवड्यात त्या एकविसांपैकी बरेच जण दवाखान्यात परतले, असे ताईंना तिथून कळले. फ्रिस्कोच्या मावशींना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, आता मी तो चाळीस जणांना पाठवलाय, आता कसं सांगू?” त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. मी त्यांना ताईंचा तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित स्वरूपात पाठवला. त्यांनी पुढे पाठवला की नाही, मला ठाऊक नाही. तो कागद अधूनमधून अजूनही कुठून तरी परत येतो. प्रत्येक वेळी थोडा अधिक धूसर, आणि म्हणून थोडा अधिक जुना आणि खरा वाटणारा.

या वर्षी चर्चने तळघर परत मागितले. इमारतीची डागडुजी करायची होती आणि रेडिओच्या मंडळींना दुसरी जागा मिळेना. तळघर राहू द्यावे, असा अर्ज ताईंनी मला लिहायला सांगितला. मी पहिल्या सहीसाठी वानखेडे काकांकडे गेलो. ते खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर छोटा रेडिओ. त्या प्रसंगानंतर मी त्यांच्याकडे अनेकदा गेलो होतो. ते नेहमी चहा पाजत आणि पायाविषयी कधीच बोलत नसत. ते बोलले असते तर मला सोपे गेले असते.

मी मराठी प्रत वाचू लागलो. विषयानंतर सरळ मजकुरावर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“संदर्भ कोरा काहून ठेवला?”

“आधाराला कागद नाही, काका. परिपत्रक नाही, पत्र नाही.”

“जे आहे ते लिहा न.”

मी पेन उघडले. मग लिहिले : ‘संदर्भ – प्रस्तुत अर्जलेखकाने गतवर्षी लिहिलेला खोट्या संदर्भाचा अर्ज, ज्याचे निराकरण या रेडिओवरून झाले, परंतु उशिरा.’ वाचून दाखवले. काकांनी ‘समजला, मान्य आहे’खाली सही केली.

सह्या फार मिळाल्या नाहीत. “रेडिओ आता कोण ऐकतं, यार?” दुकानात चहा पावडर घ्यायला आलेला एक तरुण म्हणाला. फ्रिस्कोला गेलेल्या कागदाविषयी मी त्याला सांगणार होतो, पण त्याचे लक्ष फोनमध्ये होते.

महिन्याभराने चर्चचे उत्तर आले. चांगल्या जाड कागदावर, सभ्य भाषेत, दोनच परिच्छेद. विनंतीबद्दल आदर आहे, दिलगीर आहोत, जागा देता येणार नाही. ताईंनी शेवटचा रविवार केला, तीन प्रश्न विचारले, आणि अँटेना उतरली. त्या आता ग्रंथालयात मंगळवारी चार-पाच जणांना शिकवतात. जागा मिळाली तर पुन्हा केंद्र उभे करू, असे म्हणतात. मी त्यांना अर्ज लिहून देत राहीन.

ते उत्तर मी वानखेडे काकांना दाखवायला घेऊन गेलो. इंग्रजी होते, म्हणून रिवाजाप्रमाणे मराठीत सांगितले. काकांनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी हात पुढे केला.

“हे खरंच आलं न, साहेब? का तुम्हीच लिहिलं?”

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. ताईंनी शिकवलेला प्रश्न त्यांनी विचारला होता, इतकेच. मी त्यांच्या हातात पाकीट दिले. त्यांनी तिकिटावरचा शिक्का पाहिला, पाठवणाऱ्याचा पत्ता बोट ठेवून वाचला, पाकीट उलटे करून खिडकीच्या उजेडात धरले, आतला कागद काढून खालची सही पाहिली. ते अजिबात घाईत नव्हते. मी समोर उभा राहिलो.

“हो,” शेवटी ते म्हणाले. “आलेलं आहे.” आणि त्यांनी मला बसायला सांगितले.